नळाखालची ताटली

मी बेंगळुरूला शिकायला गेले ती २०१५ च्या जुलैमध्ये. विट्याजवळच्या आमच्या गावातून तिथं जाणं तसं नवीन नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. सराफ बाजार असेल त्या शहरात जुनं सोनं आटवून शुद्ध करणारा आमच्याकडचा कुणीतरी सापडतोच. माझे थोरले मामा बेंगळुरूच्या नगरतपेठेत आहेत. आठ बाय दहाची खोली, एक भट्टी, मुशी, तेजाबाचा वास. मी त्यांच्या घरी राहणार म्हणून बाबांनी होकार दिला. मामी शेजारणीला माझी ओळख करून देताना म्हणायची, "आमची भाची. मनाचं शिकतीया."

दोन वर्षांचं एम. एस्सी. होतं, उपयोजित मानसशास्त्राचं, आणि त्यातला माझा विषय सामुदायिक मानसशास्त्र. आठवड्यातले तीन दिवस वर्गात, दोन दिवस कोरमंगलातल्या एका वस्तीत. वस्तीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बायकांना तसा शब्द दिला होता आणि तो आजही लागू आहे.

कोरमंगला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठमोठी झाडं, ऐंशी फुटी रस्ता, कॉफीची दुकानं आणि नव्या कंपन्या येतात. फ्लिपकार्ट २००७ मध्ये इथल्याच एका फ्लॅटमध्ये सुरू झाली, हे मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण त्याच कोरमंगलाला लागून, एजीपुऱ्याच्या अंगाला, आर्थिक दुर्बलांसाठी बांधलेल्या वसाहतीतली जवळजवळ दीड हजार घरं जानेवारी २०१३ मध्ये रिकामी करून पाडली गेली होती. मी गेले तेव्हाही काही कुटुंबं त्या मोकळ्या जागेच्या कुंपणाला टेकून, फुटपाथवर ताडपत्र्या बांधून राहत होती. सकाळी त्या ताडपत्रीखालून इस्त्रीचा गणवेश घातलेली मुलगी शाळेला निघालेली मी पाहिली आहे. ती इस्त्री कुठं करत असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून पुढं दोन वर्षं गेला नाही.

आमची वस्ती त्यापासून थोडी दूर. चार बोळ, मधून नाला, एका बोळात साधारण बावीस घरं. बायका बहुतेक ब्लॉकांमधल्या बंगल्यांत घरकामाला जाणाऱ्या. पुरुष रंगकाम, बांधकाम, रिक्षा. बोलायला तमिळ, कन्नड, तेलुगू, दखनी, आणि सगळ्यांची मिळून एक खिचडी.

आमच्या मॅडमनी पहिला नियम घातला: चार आठवडे वही काढायची नाही आणि कुणाला एकही प्रश्न विचारायचा नाही. नुसतं जायचं, वेगवेगळ्या वेळी. सकाळी सहाला, भर दुपारी, दिवेलागणीला. कोण कुठं बसतं, कुठली दारं कधी उघडी असतात, म्हातारी माणसं सावलीबरोबर कुठं सरकतात, ते पाहायचं. मला हे फार जड गेलं. बी. ए. ला आम्हाला चाचण्या शिकवल्या होत्या; समोर माणूस आला की कागद काढायचा. इथं कागदाशिवाय मी हातपाय बांधल्यासारखी झाले होते. कन्नडही येत नव्हतं. "ऊटा आयता?" एवढं एक वाक्य मामीनं शिकवलं होतं, जेवण झालं का म्हणून. सकाळी नऊला काय आणि दुपारी चारला काय, मी तेच विचारत फिरायचे आणि बायका मनापासून उत्तर द्यायच्या. आणखी एक शब्द कामाला आला, 'अक्का'. तो कन्नड, तमिळ, तेलुगू तिन्हींत आहे आणि आमच्या सांगलीकडंही थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात.

वर्गात त्याच काळात या विषयाचा उगम शिकत होतो. मे १९६५ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ स्वॅम्पस्कॉट नावाच्या गावी काही मानसशास्त्रज्ञ जमले आणि तिथं सामुदायिक मानसशास्त्र हे नाव पुढं आलं. दवाखान्यात बसून एकेका माणसाला तपासत राहिलो तर आपण कधीच पुरे पडणार नाही, आणि माणूस ज्या जागेत जगतो ती जागा तशीच ठेवून फक्त त्याला दुरुस्त करणं हे काम अर्धंच आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं मात्र वाट वेगळी पडली. आमच्या वस्तीपासून चार-एक किलोमीटरवर, होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, डॉ. आर. एल. कपूर यांच्या पुढाकारानं १९७५ मध्ये सामुदायिक मनोविकार विभाग सुरू झाला. शहराबाहेर सकलवाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवता येतं का, ते पाहिलं गेलं. पुढं १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात तोच प्रयोग जिल्हाभर झाला. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ चा जिल्हा कार्यक्रम याच वाटेनं आले. म्हणजे आपल्याकडं 'सामुदायिक' याचा अर्थ उपचार लोकांच्या दारापर्यंत नेणं असा झाला. त्याची गरज किती मोठी आहे हे आम्ही शिकत असतानाच पुढं आलं. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण निम्हान्सनं १२ राज्यांत केलं. शंभर प्रौढांमागं दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते.

एक वाट उपचार दारी नेणारी, दुसरी ज्या परिस्थितीनं माणूस पिचतो ती बदलायला बघणारी. माझ्या शिक्षणातली सगळी ओढाताण या दोन वाटांमधली होती, आणि मी दोन्हीकडं चुकले.

पाचव्या आठवड्यात वही काढायची परवानगी मिळाली. नैराश्याची खूण पाहणारी नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं विचारायचं; प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. हे प्रश्न बायकांच्या बोलण्यात कसे बसवायचे यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला. उदास वाटतं का, याला बेंगळुरूच्या कन्नडमध्ये 'बेजारु' म्हणतात. शब्द आपलाच, पण आपण बेजार होतो ते कुणाच्या तरी त्रासानं, तर तिथं माणूस नुसताच, बसल्या जागीही बेजार असतो. काळजीला बायका 'तले बिसी' म्हणायच्या, डोकं गरम. आमच्याकडं डोकं तापलं की समोरच्याची धडगत नसते. तिथं तापलेल्या डोक्याची बाई गप्प असते. हे न कळता मी एकीच्या नावापुढं 'रागीट' असं लिहूनही ठेवलं होतं.

माझी पहिली मुलाखत ज्यांची झाली त्यांना मी इथं शांताक्का म्हणते. खरं नाव वेगळं आहे. वय ३८. माहेर विजापूरकडचं, आणि लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला सांगली जिल्ह्यातल्या फडात दोन-तीन हंगाम काढलेले. त्यामुळं मोडकंतोडकं मराठी यायचं. मी सांगलीची म्हटल्यावर त्यांनी मला आत बोलावून पाटावर बसवलं आणि गूळ-पाणी दिलं. मी प्रश्न विचारत गेले. झोप? जवळजवळ रोजच त्रास, तीन. थकवा? तीन. भूक, दोन. लक्ष लागणं, दोन. उदास वाटणं, दोन. कशात मन रमत नाही, एक. आपलंच चुकतंय असं वाटणं, एक. शेवटचे दोन शून्य. बेरीज १४. दहा ते चौदा म्हणजे मध्यम. मी नीट अक्षरात लिहिलं, 'मध्यम स्वरूपाचं नैराश्य, निद्रानाश', आणि समाधानानं परत आले. खरोखर समाधानानं. मला वाटलं, आता मला हे काम यायला लागलं.

मॅडमनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "ती रात्री जागी असते तेव्हा काय करत असते?"

मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला विचारलं. शांताक्का उठल्या, मला बोळाच्या तोंडाशी घेऊन गेल्या. तिथं सार्वजनिक नळ. नळाखाली फरशीवर एक स्टीलची ताटली पालथी घातलेली, मधोमध पोचा पडलेली. पाणी एक दिवसाआड यायचं, रात्री, पण किती वाजता ते कुणाला ठाऊक नसायचं. कधी बाराला, कधी पहाटे चारला. आलं की तास-सव्वा तास, बावीस घरं. आधी नळ फुसफुसतो, वारा सोडतो, मग चार थेंब पडतात. ते थेंब ताटलीवर वाजावेत म्हणून ती तिथं. शांताक्कांचं घर नळाला सगळ्यात जवळ, म्हणून ताटलीचा आवाज ऐकून सगळ्यांना उठवायचं काम आपोआप त्यांच्याकडं आलेलं. दार किलकिलं ठेवून त्या उंबऱ्याशी अंग टाकायच्या. ज्या रात्री पाणी यायचं नसतं त्या रात्रीही कान तिकडंच, कारण सवय. पहाटे पाचला उठून तिसऱ्या ब्लॉकमध्ये पहिलं घर गाठायचं.

मी त्या ताटलीकडं बघत उभी राहिले. पाण्यासाठी रात्र जागवणं मला नवं नव्हतं. आमच्या गावात टँकर यायचा तेव्हा आई घागरींची रांग लावून तिथंच गोधडी टाकायची. आईला कुणी नऊ प्रश्न विचारले असते तर तिचेही चौदा भरले असते. हे सगळं अंगानं ठाऊक असलेल्या मुलीनं कोरमंगलात जाऊन 'निद्रानाश' लिहिलं, याची मला फार लाज वाटली. त्या रात्री मामांच्या गच्चीवर बसून मी रडले.

पुढचं काम शांताक्का आणि बोळातल्या बायकांनी केलं, आम्ही तिघी विद्यार्थिनी हाताखाली होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक पाण्याच्या रात्री वेळ लिहायची ठरली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मुलींनी लिहिलं. सहा आठवड्यांत २१ रात्री पाणी आलं. सगळ्यात लवकर ११.४०, सगळ्यात उशिरा ४.१०. हे कॅलेंडर भिंतीवरून काढून, खिळ्याच्या भोकासकट, बायका पाणीखात्याच्या कचेरीत तक्रार घेऊन गेल्या. तिथं काय झालं ते सांगण्यासारखं नाही; तीन फेऱ्या झाल्या. उपयोग झाला तो भलतीकडूनच. वॉल्व्ह उघडणारा माणूस एका रात्री बोळात थांबला आणि बायकांनी त्याला कॅलेंडर दाखवलं. तो रागावला नाही. म्हणाला, मला एका रात्रीत चौदा वॉल्व्ह फिरवायचे असतात, वरून दाब कधी मिळेल त्यावर माझी वेळ. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत उपसून शहरात चढवतात. ते याच्यापर्यंत कधी पोचेल हे त्याच्याही हातात नव्हतं. पण आधीच्या गल्लीचा वॉल्व्ह उघडला की मिस्ड कॉल देईन, म्हणाला. तेवढं मी करू शकतो.

मिस्ड कॉल कुणाला द्यायचा यावर मात्र आठवडाभर भांडण झालं. शेवटी पाच घरांनी आठ-आठ दिवस आळीपाळीनं फोन उशाशी घ्यायचा, असं ठरलं. एका वहीत नावं लिहिली. पाणी पूर्वीसारखं रात्रीच येत राहिलं. फरक एवढाच पडला की एकीच्या जागण्याचे पाच वाटे झाले, आणि ज्या रात्री पाणी नाही त्या रात्री सगळ्या झोपल्या.

याच दिवसांत वर्गात ज्युलियन रॅपापोर्ट यांचा १९८१ चा सक्षमीकरणावरचा लेख वाचत होतो. लोकांच्या प्रश्नांना एकच एक उत्तर नसतं, आणि उत्तरं अनेकदा त्यांच्याकडं आधीपासून असतात, तज्ज्ञानं त्यांच्या आड येऊ नये, असा त्याचा आशय. मॅडम म्हणाल्या, आपापल्या गावात असं काही झालंय का ते घरी विचारून या. मी आजीला फोन लावला. आमच्याच तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. नदीतली वाळू विकून पैसा, वर लोकांचं श्रमदान, आणि पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता घरटी सारखं. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आजी मात्र त्या श्रमदानाला दोन दिवस जाऊन आलेली. म्हणाली, "ज्याला रान न्हाय त्यालाबी पाण्याचा वाटा द्यायचा, आसं आधीच ठरलं. मग भांडाया कोन उरतंय?" मी हे वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात मराठीतच सांगितलं आणि मग त्याचा अर्थ सांगितला. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. त्या दिवसानंतर मी वर्गात बोलायला लागले.

आणि मग मी दुसरीकडं चुकले. ताटलीचा धडा मला इतका पटला होता की मला सगळीकडं परिस्थितीच दिसायला लागली. दुसऱ्या बोळात एक ओली बाळंतीण होती, विशीची. बाळ तीन आठवड्यांचं. मी गेले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसलेली, बोलेना. नवऱ्याचं काम सुटलेलं, पत्र्याखाली उकाडा, सासू आजारी. मी वहीत लिहिलं, 'ताण परिस्थितीजन्य. आधार-गटात घेता येईल.' गुरुवार होता. सोमवारपर्यंत मी परत जाणार नव्हते.

शुक्रवारी वस्तीतल्या आशाताई तिच्याकडं डोकावल्या. त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. बाळ रडत असून तिनं उचललं नाही, आणि ती कुणीतरी बोलत असल्यासारखी कोपऱ्याकडं बघून मान हलवत होती. आशाताईंनी मॅडमना फोन केला. त्याच संध्याकाळी तिला रिक्षात घालून निम्हान्सला नेलं. तिथं आई आणि बाळाला एकत्र ठेवून घेणारा वॉर्ड आहे, २००९ पासूनचा, देशातला तशा प्रकारचा पहिला. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार होता. औषधं लगेच सुरू झाली. महिनाभरात ती बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती.

शनिवार-रविवार मध्ये गेला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून माझ्या पोटात गोळा आणतो. आशाताईंकडं माझ्यासारखी पदवी नव्हती. आपल्याकडं नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाच्या उपक्रमात गावातल्याच साध्या माणसांना असं बघायला आणि ऐकून घ्यायला शिकवलं गेलं आहे. त्याबद्दल वाचलं की मला आशाताईच आठवतात. मॅडम मला ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या वहीतलं ते पान मला वर्गासमोर वाचायला लावलं आणि मग विचारलं, तिच्या हाताकडं बघितलं होतंस का, बाळाकडं बघितलं होतंस का, ती जेवली होती का. तिन्हींची उत्तरं माझ्याकडं नव्हती. तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की मी आधी या तीन गोष्टी बघते, मग बाकीचं.

दुसऱ्या वर्षी, १२ सप्टेंबर २०१६ ला, कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाला तमिळनाडूसाठी पाणी सोडायला सांगितलं होतं. सोमवार होता. दुपारपर्यंत बसगाड्या जळत होत्या, संध्याकाळी काही भागांत संचारबंदी लागली. मामांनी भट्टी विझवून शटर ओढलं. माझ्या डोक्यात एकच, त्या आठवड्यात मिस्ड कॉलचा फोन एका तमिळ घराकडं होता.

मी चार दिवसांनी जाऊ शकले. वाटत होतं तसं फार वाईट काही झालं नव्हतं, पण फार चांगलंही नव्हतं. तमिळ बायका रांगेत उभ्या होत्या, एक शब्द न बोलता. एका पोरानं कुणाच्या तरी दारावर काहीतरी खरडलं होतं, ते त्याच्याच आईनं पुसलं होतं. सोमवारी रात्री फोन वाजला तेव्हा त्या घरची बाई बाहेर यायला घाबरली. तिनं आतूनच भिंतीवर थापा मारल्या. शांताक्का उठल्या, बाकीच्यांना उठवलं आणि तिच्या दोन बिंदग्या आपल्या बिंदग्यांबरोबर भरून तिच्या दारात ठेवल्या. वहीत त्या रात्रीची वेळ नोंदलेली आहे, १.२५. बाकी काही लिहिलेलं नाही. पुढं दोन-तीन आठवडे रांगेतलं बोलणं कमीच राहिलं. मी त्यावर एक गटचर्चा घ्यायची असं सुचवलं. शांताक्का म्हणाल्या, नको, आता नको. मी ऐकलं.

एप्रिल २०१७ मध्ये आमचं काम संपलं. विद्यापीठाला अहवाल देण्याआधी तो वस्तीत वाचून दाखवायचा, असा मॅडमचा नियम होता. नळासमोर सतरंजी घातली. माझ्या मैत्रिणीनं कन्नडमध्ये वाचायला सुरुवात केली, एक मुलगी तमिळमध्ये सांगत होती. बायकांनी बऱ्याच दुरुस्त्या सांगितल्या. घरं बावीस नव्हेत, तेवीस. वॉल्व्हवाल्याचं काम नीट लिहा, तो भला माणूस आहे.

मग ते वाक्य आलं: एका ३८ वर्षांच्या बाईला झोप येत नव्हती. नाव नव्हतंच, पण शांताक्कांनी ओळखलं. त्यांनी हात वर केला.

"निद्दी बरंगिल्ला, असं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून मराठीत, एकेक शब्द शोधत, "झोप येती की. लई येती. मी झोपत न्हवते."

मी पेन काढलं, ओळ खोडली आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.